अंडं क्रमांक ४४ : एका गिबलच्या पैदाशीचं प्रकरण

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आठवडाभर आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या पाठपिशवीत फराळाच्या डब्याखाली निन्टेंडोचा ‘स्विच’ हा गेमचा यंत्रडबा होता आणि एक शंभर पानी वही होती. वहीत ७१ ओळी. प्रत्येक ओळीत अंड्याचा क्रमांक, पुढे सहा रकाने आणि शेवटी शेरा. एक-दोन ओळी सोडल्या तर शेरा सगळीकडे एकच : ‘सोडला’.

तो नववीत आहे आणि ‘पोकेमॉन स्कार्लेट’ खेळतो. पोकेमॉन म्हणजे या गेममधले काल्पनिक प्राणी, ते पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे. ऑनलाइन लढतींसाठी त्याला एक चांगला गारचॉम्प हवा होता. वाढत गेला की गिबलचा गॅबाइट होतो आणि गॅबाइटचा गारचॉम्प, म्हणजे मुळात हवा होता एक उत्तम गिबल. तीन आठवडे तो एकाच जोडीची अंडी हॅच करत होता.

“मामा, गेम मला मुद्दाम देत नाहीये. माझ्या मित्राला वीस अंड्यांत मिळाला.”

मी बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे वही हातात घेतल्यावर ती खाली ठेववेना. इतक्या शिस्तीने नोंदलेली आकडेवारी मला वर्गातही क्वचित बघायला मिळते. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी जे केलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण त्याचा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. आणि खरं उत्तर आम्हाला सर्वांत शेवटी सापडलं.

जोडी कोणती होती

प्रत्येक पोकेमॉनला सहा गुण असतात : एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. प्रत्येक गुणामागे जन्मजात एक आकडा लपलेला असतो, ० ते ३१ मधला. त्याला खेळणारे आयव्ही म्हणतात. २००२ च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’पासून ही ३२ किमतींची पद्धत आहे, त्याआधी, १९९९ मध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मधून पैदास पहिल्यांदा आली तेव्हा हा आकडा ० ते १५ होता. गेम आकडा थेट दाखवत नाही, शेरा दाखवतो. ३१ ला ‘बेस्ट’, ३० ला ‘फँटॅस्टिक’, त्याखाली ‘व्हेरी गुड’, ‘प्रीटी गुड’, ‘डीसेंट’ असं उतरत ० ला ‘नो गुड’.

भाच्याच्या जोडीत एक डिट्टो होता. डिट्टो जवळजवळ कुणाशीही जमतो आणि पिल्लू नेहमी दुसऱ्या पालकाच्या जातीचं होतं. या डिट्टोचे स्पेशल अटॅक सोडून पाचही गुण ‘बेस्ट’ होते. गारचॉम्प अंगाने लढणारा, त्याला स्पेशल अटॅकशी कर्तव्य नाही, म्हणून भाच्याच्या हिशेबात तो रकाना मोजायचाच नव्हता. दुसरी पालक रानात पकडलेली गिबल मादी, जॉली नेचरची. नेचर म्हणजे पोकेमॉनचा स्वभाव, आणि जॉली म्हणजे स्पीड १० टक्के जास्त आणि स्पेशल अटॅक १० टक्के कमी, म्हणजे हवं तेच. तिचे शेरे वहीच्या पहिल्या पानावर होते : स्पीड बेस्ट, एचपी फँटॅस्टिक, बाकीचे प्रीटी गुड आणि त्याहून खालचे.

हवं होतं ते असं : जॉली गिबल, पाच गुणांत बेस्ट. स्पेशल अटॅक काहीही चालेल.

वस्तू त्याने बरोबर दिल्या होत्या. मादीकडे एव्हरस्टोन, त्यामुळे तिचं नेचर पिल्लात हमखास उतरतं. डिट्टोकडे डेस्टिनी नॉट. या लाल धाग्याचं महत्त्व किती आहे हे बहुतेक मुलांना माहीत असतं, पण ते किती पटींचं आहे हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून आधी तेच मोजलं.

धागा नसता तर

धाग्याशिवाय सहापैकी फक्त तीन गुण आईबापांकडून येतात, उरलेले तीन गेम स्वतः फासे टाकून ठरवतो. समजा दोन्ही पालक पाचही गुणांत बेस्ट आहेत. तरीही धाग्याशिवाय पाचही बेस्ट असलेलं पिल्लू सरासरी १,९८६ अंड्यांत एकदा येतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ आले आणि त्यांनी या धाग्याला नवं काम दिलं : तीनऐवजी पाच गुण आईबापांकडून. मग तीच शक्यता होते १९२ पैकी ३७, म्हणजे साधारण पाच अंड्यांत एक.

हा ३७ कुठून आला ते भाच्याला कागदावर करून दाखवलं. सहापैकी एकच गुण गेम स्वतः ठरवतो. तो स्पेशल अटॅक निघाला, जे सहा वेळांत एकदा होतं, तर उरलेले पाचही आईबापांकडून येतात आणि काम फत्ते. उरलेल्या पाच वेळा तो आपल्याला हव्या असलेल्या गुणांपैकी एक असतो आणि तिथे ३१ येण्याची शक्यता ३२ त १. म्हणजे १/६ अधिक (५/६ गुणिले १/३२). छेद १९२ केला की ३२ आणि ५, बेरीज ३७.

त्याने लगेच विचारलं, “पण आईचा अटॅक कमी आणि डिट्टोचा बेस्ट, तर पिल्लाचा मधला येत असेल ना?”

येत नाही, आणि या एका गैरसमजापायी बरीच मुलं चुकीचा हिशेब करतात. खऱ्या जनावरांत उंची, दूध, वजन हे अनेक जनुकांच्या मिश्रणाने ठरतं. या खेळात मिश्रण नाही. आईचा १८ आणि बापाचा ३१ असेल तर पिल्लाला एकतर अख्खा १८ मिळतो किंवा अख्खा ३१. छापा की काटा, दुसरं काही नाही. आणि हा निकाल गेममधल्या सहलीच्या टोपलीत अंडं येतं तेव्हाच लागलेला असतो. ते कुठे हॅच केलं, सायंकाळी केलं की सकाळी, याने काही बदलत नाही. भाचा तीन आठवडे एकाच तळ्याकाठी जाऊन अंडी हॅच करत होता, कारण मित्राला तिथे मिळाला होता.

७१ अंडी खरंच जास्त आहेत का

आता त्याच्या जोडीकडे येऊ. मादीकडे हव्या त्या पाचांपैकी एकच बेस्ट, स्पीड. बाकी चार ठिकाणी पिल्लाने डिट्टोचाच आकडा उचलायला हवा, म्हणजे चारदा छापा. गेमने स्वतः ठरवलेला गुण स्पेशल अटॅक असेल तर शक्यता १/१६. बाकीच्या वाटा जोडल्या की एकूण ३,०७२ पैकी ४१. पंचाहत्तर अंड्यांत एक.

हा आकडा लिहिल्यावर भाचा जरा सैलावला. ७५ त १ असताना ७१ अंडी होऊनही हाती काही न लागण्याची शक्यता सुमारे ३८.५ टक्के येते. अशी जोडी घेऊन दहा मुलं बसली तर त्यांतली जवळजवळ चार ७१ अंड्यांनंतरही हात हलवत बसलेली दिसतील. गेम मुद्दाम काही करत नव्हता. त्याचं नशीबही खराब नव्हतं. मित्राची जोडी कोणती होती हे त्याने विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, तर मित्राकडच्या गिबलला आधीच चार बेस्ट होते.

इथे तो एका गोष्टीवर अडला आणि ती समजवायला मला अर्धी संध्याकाळ लागली. “७५ त १ आहे, ७१ झाली, म्हणजे पुढच्या चारांत येणारच ना?” लूडोत सहा पडायची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटतं. पण फाशाला मागच्या फेका आठवत नसतात. बहात्तराव्या अंड्याची शक्यताही ३,०७२ त ४१ च, पहिल्याएवढीच. आणखी सरासरी ७५ अंडी, आजपासून मोजून. हे ऐकल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, “मग ही ७१ फुकट गेली?”

फुकट जायला नको होती. खरी चूक तिथेच होती.

आई बदलायची होती

शेरे बघत वही पुन्हा चाळली. पाचांपैकी तीन किंवा जास्त गुण बेस्ट असलेली पिल्लं मोजली तर ३७ निघाली. चार गुण बेस्ट असलेली १०. भाच्याला आश्चर्य वाटलं, मला नाही, कारण हिशेबही तेच सांगतो. एकाच बेस्टवाल्या मादीच्याही निम्म्या पिल्लांत, शंभरांत ५१, तीन किंवा जास्त गुण बेस्ट असतात. शंभरांत १५ पिल्लांत चार किंवा जास्त.

म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यातच त्याच्या हातात आईपेक्षा दोन पायऱ्या वर असलेलं पिल्लू होतं. त्याने ते सोडून दिलं, कारण ते पाच-बेस्ट नव्हतं, आणि पुन्हा त्याच आईची अंडी घेत बसला.

पैदाशीत जे पिल्लू हवंय तेच थेट मिळायची वाट बघायची नसते. आईपेक्षा बरं पिल्लू दिसलं की तेच पुढचं पालक. नेचर आधीच जॉली आहे, एव्हरस्टोन त्याच्या गळ्यात घालायचा, डिट्टो तोच. नर असलं तरी चालतं, समोर डिट्टो असल्याने जात त्याचीच उतरते. पायऱ्या अशा पडतात : एक बेस्टवरून तीनवर जायला सरासरी दोन अंडी. तीनवरून चारवर जायला सव्वादोन-अडीच. चारवरून पाचवर जायला दहा, कारण तिथली शक्यता १९२ त १९ आहे. एकूण चौदाएक अंडी. एका जागी बसून ७५, पायऱ्या चढत १४.

मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा आकडा हाच. धागा विकत मिळतो, डिट्टो कुणीतरी देतं, पण पालक बदलायचं हे कुणी हातात आणून देत नाही, ते स्वतःलाच सुचावं लागतं. भाच्याच्या वर्गातली आणखी दोन मुलं अशीच पहिल्या जोडीला चिकटून बसली होती, हे नंतर कळलं.

सुदैवाने ६९ व्या अंड्यातला गिबल सोडायचा राहून गेला होता. एचपी, अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड बेस्ट, डिफेन्स प्रीटी गुड. म्हणजे आम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात करणार होतो.

मध्येच मी विचारलं, इतका खटाटोप कशाला? पोकेमॉन लेव्हल ५० ला पोचला की बॉटल कॅप ही गेममधली वस्तू देऊन हायपर ट्रेनिंग करता येतं, गुण बेस्टसारखा होतो. त्याचं उत्तर तयार होतं. हायपर ट्रेनिंग त्या एका पोकेमॉनपुरतं असतं. मूळचा आयव्ही तसाच राहतो आणि अंड्यात जातो तो मूळचाच. त्याला या गिबलपासून पुढेही पैदास करायची होती. आणि दुसरं, जरा हळू आवाजात : “विकतचा नको, घरचा हवा.” त्यावर मी वाद घातला नाही.

सतरा अंडी

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. संघात फ्लेम बॉडी ही क्षमता असलेला एक पोकेमॉन ठेवला की अंडी निम्म्या वेळात हॅच होतात, तेवढी एक सोय केली. रकाने मी भरत होतो, तो स्विचवर.

दहा अंडी झाली. काही नाही. तेराव्याला त्याने माझ्याकडे बघितलं. दहात एक म्हणालास ना, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही एवढंच. मी त्याला पाढ्यासारखा एक तक्ता लिहून दिला होता : दहा अंड्यांनंतर हात रिकामा राहण्याची शक्यता ३५ टक्के, पंधरानंतर २१, वीसनंतर १२. पंधराव्या अंड्यानंतर तो स्वतःच तक्ता काढून बघायला लागला आणि म्हणाला, “म्हणजे पाचातल्या एकाला इथपर्यंत थांबावं लागतंच.” त्या वाक्याने मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. तीन दिवसांपूर्वी हाच मुलगा म्हणत होता की गेम त्याच्यावर उठलाय.

याच दरम्यान, वाट बघताना, त्याने शायनीचा, म्हणजे क्वचित निघणाऱ्या वेगळ्या रंगाच्या पोकेमॉनचा, विषय काढला. पालक दोन वेगळ्या भाषांच्या गेममधले असतील तर अंड्यातून शायनी निघण्याची शक्यता ६८३ त १ होते, हे त्याला माहीत होतं. शायनी आणि पाच बेस्ट दोन्ही हवं असेल तर? दोन्ही पालक पाच-बेस्ट धरले तरी ६८३ ला पुन्हा पाचाने गुणायचं, जरा नीट केलं तर साधारण ३,५४४ अंड्यांत एक. त्याने तो आकडा बघितला आणि विषय बंद केला.

सतराव्या अंड्यात आला. एकूण अठ्ठ्याऐंशीवं. अटॅक, डिफेन्स, एचपी, स्पेशल डिफेन्स, स्पीड, पाचही बेस्ट. स्पेशल अटॅक डीसेंट. रफ स्किन ही त्याला हवी असलेली छुपी अॅबिलिटी, म्हणजे खास क्षमता, त्याने नंतर अॅबिलिटी पॅच देऊन घातली. तो भाग पैदाशीच्या हिशेबात आम्ही धरलाच नव्हता.

१८३ आणि १८३

इथे प्रकरण संपायला हवं होतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याचा मित्र आला. दोघांनी आपापले गारचॉम्प शेजारी ठेवून आकडे बघितले. मित्राचा एचपी फँटॅस्टिक होता, म्हणजे ३०. भाच्याचा बेस्ट, ३१. दोन्ही लेव्हल ५०, दोघांनी ईव्ही, म्हणजे सरावाने मिळणारे जास्तीचे गुणांक, तेही सारखेच दिलेले : अटॅक २५२, स्पीड २५२, उरलेले ४ स्पेशल डिफेन्सला. आणि पडद्यावर एचपी दोघांचाही १८३.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. मी सूत्र लिहायला घेतलं. त्या जातीच्या त्या गुणासाठी ठरलेल्या मूळ आकड्याची दुप्पट घ्यायची, त्यात आयव्ही मिळवायचा, ईव्हीचा चौथा भाग मिळवायचा. लेव्हल ५० ला या बेरजेचं निम्मं करायचं आणि अपूर्णांक टाकून द्यायचा. मग एचपीत ६० मिळवायचे, इतर गुणांत ५. शेवटी नेचर.

गारचॉम्पचा मूळ एचपी १०८. दुप्पट २१६. ३१ मिळवले तर २४७, निम्मे साडेएकशेतेवीस, अपूर्णांक गेला, १२३. ३० मिळवले तर २४६, निम्मे १२३. दोन्हीकडे ६० मिळवून १८३. तो एक अंक अपूर्णांकात वाहून जातो. डिफेन्सचंही तसंच : मूळ ९५, त्यामुळे ३१ असो की ३०, आकडा ११५.

मग ३१ चा अट्टाहास कुठे खरा? जिथे ईव्ही दिलेत तिथे. २५२ चा चौथा भाग ६३, विषम, आणि म्हणून ३१ त मिळवल्यावर बेरीज सम होते, काही वाया जात नाही. स्पीड मूळ १०२. ३१ असेल तर जॉलीसह १६९, ३० असेल तर १६८. ऑनलाइन लढतींत सगळे लेव्हल ५० लाच येतात आणि समोरही गारचॉम्प असेल तर हा एक अंक म्हणजे सगळं काही. १६९ विरुद्ध १६९ असताना पहिला वार कुणाचा हे निम्म्या-निम्म्या शक्यतेने ठरतं. १६८ विरुद्ध १६९ असताना तुमचा वार नेहमीच दुसरा. मूळ स्पीड १०० असलेल्यांचा जास्तीत जास्त १६७ होतो, त्यांच्यापुढे मात्र १६८ ही पुरतो. अटॅकलाही ३१ हवाच, नाहीतर १८२ चा १८१ होतो. स्पेशल डिफेन्सला उरलेले ४ ईव्ही दिलेत म्हणून तिथेही हवा. एचपी आणि डिफेन्सला नको.

म्हणजे आपण मोजत होतो ते ध्येयच चुकीचं होतं. पाच ठिकाणी बेस्ट नव्हे. तीन ठिकाणी बेस्ट आणि दोन ठिकाणी बेस्ट किंवा फँटॅस्टिक.

एवढं बोलून झालं आणि आम्हा दोघांना एकाच वेळी वहीचं पहिलं पान आठवलं. रानातली ती मादी : स्पीड बेस्ट, एचपी फँटॅस्टिक. तिच्याकडे उपयोगाचे गुण एक नव्हे, पहिल्यापासून दोन होते. हिशेब नव्याने केला. १,५३६ पैकी ४३, म्हणजे ३६ अंड्यांत एक. ज्या ७१ अंड्यांना आम्ही ‘अजून वेळ आलेली नाही’ म्हणत होतो, त्यांत सरासरीने दोन गिबल हवे तसे निघायला हवेत.

भाच्याने वही उघडली आणि बोट फिरवत ओळी वाचायला लागला. मित्रही वाकून बघत होता. ४४ व्या ओळीवर बोट थांबलं. अटॅक बेस्ट, डिफेन्स बेस्ट, स्पेशल डिफेन्स बेस्ट, स्पीड बेस्ट. एचपी फँटॅस्टिक, आईचा आलेला. शेरा : सोडला.

त्याने पुढच्या सगळ्या ओळीही बघितल्या. दुसरा नव्हता. मग पेन्सिल घेऊन ४४ व्या ओळीभोवती चौकट केली आणि शेऱ्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : १८३, १६९.